विनोद, फक्त निर्यातीसाठी

चार मित्र जमले की कुणीतरी हमखास म्हणतं, "तू इंग्रज पोरांसाठी कार्टून काढायचास ना रे? मग सांग की एखादा जोक!" आता गंमत अशी, की सात-आठ वर्षं दर आठवड्याला दोन पानं जोक काढूनसुद्धा मला त्यातला एकही धड आठवत नाही. लक्षात राहिलं ते सगळं पानाबाहेरचं. ते मात्र माळ्यावरच्या रद्दीसारखं साठलंय. हात घातला की काहीतरी लागतंच.

तर २००३च्या सुमाराला मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला, जर्मनीत एर्लांगेनला मेडिकल मशिन्सच्या संशोधनात नोकरी लागली. मागोमाग मीही गेलो. पुण्यात असतानाच मला ईमेलवरून इंग्लंडच्या एका मुलांच्या साप्ताहिकाचं काम मिळालं होतं. एक वांड मुलगी आणि तिची बकरी. बायको सकाळी सायकल काढून ऑफिसला, आणि मी टेबलाशी बकरीच्या दाढीत शाई भरत!

*

तिथे काम करायचं म्हणजे राहण्याच्या परवान्यावर तशी नोंद हवी. परवान्याच्या ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला.

"व्यवसाय?"

"कार्टूनिस्ट. इंग्लंडमधल्या मुलांसाठी."

"आल्झो, म्हणजे तुम्ही भारतीय. राहता जर्मनीत. आणि हसवता इंग्लिश मुलांना?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"पुरावा?"

मी अंक पुढे केला. त्यात बकरी गणिताच्या मास्तरांची पँट खात होती, मास्तर पँटमध्ये असतानाच. बाईंनी पान वाचलं. मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावलं. दोघांनी मिळून पाच मिनिटं त्या पँटची तपासणी केली. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही.

"हे विनोदी आहे?" साहेबांनी विचारलं.

"इंग्लंडमध्ये तसं समजतात," मी म्हणालो.

दोघांचे चेहरे एकदम मोकळे झाले. बाईंनी शेऱ्याच्या चौकटीत सुबक अक्षरात काहीतरी लिहिलं, शिक्का मारला. मला तेव्हा जर्मन जेमतेम यायचं. घरी आल्यावर मुग्धाने वाचून दाखवलं, "विनोद. फक्त निर्यातीसाठी!"

*

माझा संपादक नायजेल. माणूस गोड, पण काळजीने पोखरलेला.

"पोरीच्या हातात गलोल नको, शिरीष. मुलं अनुकरण करतात."

गलोल काढली, टोमॅटो दिला.

"अन्नाची नासाडी! पालकांची पत्रं येतील."

टोमॅटो काढला, मास्तरांना तळ्यात ढकललं.

"त्यांना पोहता येतं, हे आधीच्या चौकटीत दाखवशील का?"

तळं बुजवलं. बकरीला सायकलवर बसवलं, तर म्हणे हेल्मेट कुठाय! शेवटी वैतागून मी बकरी नुसती उभी केली आणि तिला पादायला लावलं. चार चौकटी, एकच आवाज.

पाचव्या मिनिटाला फोन. "ब्रिलियंट! यात कुणालाच इजा नाही!"

पुढची दोन वर्षं त्या बकरीने दुसरं काहीही केलं नाही.

*

त्याचे परिणाम घरापर्यंत आले. आमची ईरा तेव्हा चार वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एके दिवशी मुग्धा तिला किंडरगार्टनमधून आणायला गेली, तर तिथल्या बाईंनी मुग्धाला हळूच बाजूला घेतलं.

"आज आम्ही आईबाबांच्या कामाबद्दल बोललो. ईरा म्हणते, आई ऑफिसला जाते आणि बाबा दिवसभर घरी बसून पादतो."

आणि त्यांनी अतिशय सहानुभूतीने मुग्धाच्या हातात बडीशेपेच्या चहाचं खोकं ठेवलं. "दिवसातून तीनदा द्या. गरम."

मुग्धा मुकाट्याने खोकं घेऊन आली. मी उसळलो, "अगं, खरं काय ते सांगायचंस ना!"

"काय सांगू? तो नाही, त्याची बकरी?"

*

समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा एकदा कोट-टाय घालून दारात आले. "तुम्ही रोज खिडकीतून मला दात विचकून दाखवता. का?"

मी त्यांना आत नेलं. खिडकीतला आरसा दाखवला. चेहरे काढायचे तर आधी स्वतः करून बघावे लागतात, हे समजावलं. त्यांनी आरसा पाहिला, चित्रं पाहिली, बराच विचार केला.

"बरं. समजलं. पण दुपारी एक ते तीन आपल्याकडे शांततेची वेळ असते. रूहेझाइट. तेवढ्या वेळात शांत चेहरे काढत चला."

*

आपली माणसंही काही कमी नव्हती. मराठी मंडळात सगळे सॉफ्टवेअरवाले. माझी ओळख करून देताना अध्यक्ष जरा अडखळायचे. "हे मुग्धाताईंचे मिस्टर. ग्राफिक्समध्ये... म्हणजे, तसं बघतात."

गणपतीला मात्र माझी आठवण झाली. "बॅनरवर एक उंदीर टाका ना. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम!"

उंदीर काढला. त्यावर सात जणांची समिती बसली. एकाला तो फार खूश वाटला, दुसऱ्याला फार हडकुळा. तिसरा म्हणाला, "याच्या नजरेत भक्ती दिसत नाही." मी सहा उंदीर काढले. सातव्याला अध्यक्षांचा मेल आला, की राहू द्या, सोय झाली आहे.

बॅनरवर गणपतीच्या पायाशी कॉम्प्युटरचा माउस होता. शेपूट मात्र अगदी व्यवस्थित!

*

आणि एक किस्सा अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे सासरे, कराडचे निवृत्त हेडमास्तर. लेकीने चित्र काढणारा नवरा केला, हे त्यांनी मनातून कधीच माफ केलं नव्हतं. लोकांनी विचारलं तर सांगायचे, "जावई प्रकाशनात आहेत."

पुढे नायजेलने मला एका खडूस हेडमास्तरची नवी मालिका दिली. आता जगात मला जवळून माहीत असलेला हेडमास्तर एकच! झुपकेदार मिशा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, काखेत छत्री, बोलताना वर गेलेलं बोट, सगळं जसंच्या तसं उतरवलं. दर आठवड्याला पोरं त्याला चिखलात नाहीतर कस्टर्डमध्ये पाडायची.

"अण्णांना कळलं तर मला माहेर राहणार नाही," मुग्धा म्हणायची.

आणि अण्णा तीन महिन्यांसाठी एर्लांगेनला आले! आम्ही सगळे अंक तळघरात नेऊन दडवले. चौथ्या दिवशी अण्णा रिकामी बॅग ठेवायला तळघरात गेले ते तासभर वर आलेच नाहीत. आम्ही धावत खाली उतरलो. अण्णा बॅगेवर बसलेले, मांडीवर अंकांची चळत, आणि खांदे गदगदताहेत. मुग्धाने माझा दंड घट्ट धरला.

"अण्णा, अहो, ऐका ना..."

अण्णांनी वर पाहिलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"शिरीषराव, अहो, हा तर देशपांडे! दुसऱ्या शाळेचा हेडमास्तर! तीस वर्षं छळलंय मला त्या माणसाने. ती छत्री, ते बोट... हुबेहूब! तुम्ही त्याला पाहिलंत कुठे?"

मुग्धाने मला कोपर मारलं.

"लग्नात," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी त्यांनी कराडला फोन लावला आणि पहिल्यांदा माझ्या देखत कुणाला तरी सांगितलं, "आमचे जावई चित्रकार आहेत. मोठे!" जाताना दोन अंक बॅगेत घातले. "देशपांड्याला दाखवतोच!"

महिन्याभराने मला एक पत्र आलं. हेडमास्तरी अक्षर, खाली सही देशपांड्यांची.

"चि. शिरीषराव यांस, अनेक आशीर्वाद. आपली चित्रे पाहिली. माणूस इतका अचूक पकडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आणि तुमच्या अण्णांचे तर मला फारच कौतुक वाटले. स्वतःचे असे चित्र स्वतःच्या हाताने मला आणून दाखवायचे, आणि वर माझ्यासमोर पोट धरून हसायचे, याला मन मोठे लागते!"