मिलपाड्यातलं शिक्क्याचं झाड

आई सत्त्याऐंशीची झाली आणि एकच गोष्ट विचारू लागली, "बाळाचं झाड आहे का गं अजून?" म्हणून जानेवारीत निघाले.

बाबा कासाजवळच्या जंगलातल्या एका लाकूड गिरणीत कारकून होते. मी नाशिकला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये असताना आईला मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. इतक्या लहानाला पुरतात. बाबांनी त्याला गिरणीमागच्या सागाखाली ठेवलं आणि खूण म्हणून खोडावर हातोडीने ठोकून उमटवायचा गिरणीचा शिक्का मारला. वखारीत शिक्का मारलेल्या ओंडक्याला परका हात लावत नसे.

डहाणू रोडला उतरून कासापर्यंत जीप मिळते, माणशी पन्नास रुपये. पुढे रिक्षा. "मिलपाडा? तिथे मिल कुठाय, ताई?" रिक्षावाला म्हणाला. "लाकडाची होती." "मग येताना लाकूड आणू नका. फॉरेस्टवाले मला धरतील."

पाण्याची बाटली आणि जाड तळाचे बूट घ्या. आता तिथे बॉयलरचा चौथरा, अर्धं धुराडं आणि करवंदीने भरलेला करवतीचा खड्डा आहे. कामगारांच्या चाळींच्या जागी तूर उभी होती. शेंगा तोडणाऱ्या बुधीबाय माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्या सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. बाबा इथल्या गिरणीत होते, असं मी सांगितलं.

"तू कारकुनाची पोर? शिक्क्याचं झाड बघाया आलीस?"

"आहे ना ते?"

त्यांनी टोपली खाली ठेवली. "माझ्या बानं तोडलं, बाय. वखारीत शिक्का म्हंजे राखायचं. रानात उभ्या झाडाला शिक्का म्हंजे तोडायचं. तुझ्या बापाला रान ठावं नव्हतं. आन् तुमी गेल्यावर आमाला कोन सांगनार?"

मी तिथेच बांधावर बसले.

"मागनं माझ्या बाला कळलं, खाली पोर हाय त्ये. मग बुडख्याला धुमारे फुटले तवा कुनाला हात लावू दिला नाय."

त्यांनी नेऊन दाखवलं. एका बुंध्यातून तीन साग वर गेले होते. बरोबर आणलेली फुलं मी तिथे ठेवली. मग बुधीबायांनी नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. पैसे विचारले तर रागावल्या.

बोरिवलीला घरी आल्यावर आईला सांगितलं, "झाड आहे. आता एकाची तीन झालीत." गिरणीच्या आवारात तिची सात वर्षं गेली होती; साग तोडला की बुडातून असा फुटतो, हे तिला ठाऊक होतं.

"म्हणजे तोडलं होतं."

मी मान डोलावली.

"बरं झालं, ह्यांना कधी कळलं नाही," ती म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "तिन्ही सरळ वाढलीत ना?"

"सरळ आहेत, आई."