उपाशीपोटी आखणी

पेणजवळच्या हमरापुरात गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढण्याला आखणी म्हणतात. काळुरामच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं शकूबाई करत होती. अंगाला रंग लागला, पीतांबर पिवळा झाला, तरी तोवर सगळं प्लास्टरच. डोळे उमटले की गिऱ्हाईक चपला बाहेर काढून आत येतं. म्हणून काळुरामच्या बापाने नियम घालून दिला होता: दिवसाची आखणी संपेपर्यंत आखणारीने पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. बाप गेला, नियम राहिला. काळुराम स्वतः गुटखा चघळत तो कडक पाळून घ्यायचा.

दिवाळीनंतर शकूबाईला शुगर निघाली. पेणच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचं. तिने मान डोलावली. नियमाबद्दल ती बोलली नाही. डॉक्टरांनी तो मोडायलाच सांगितलं असतं, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला जमलं नसतं. आखणी नव्हती तोवर बिघडलंही काही नाही. आषाढात हंगाम सुरू झाला. गोळी सकाळी सहाला, भाकरी दुपारी दीडला.

आठवड्याभरात अकराच्या सुमाराला कारखाना फिरायला लागला. आधी हात थरथरे, मग घाम, मग समोरच्या एका गणपतीचे दोन होत. कारणांना तोटा नव्हता. पीतांबर रंगवणारी सरू म्हणाली, "मान गो तुझी. दिवसभर वाकून बसतेस." काळुरामच्या मते कान. कुणी रंगाच्या वासावर घातलं, कुणी नजरेवर. शकूबाईने स्वतःचं कारण काढलं: शुगर वाढली असणार. तिने संध्याकाळच्या चहातली चिमूटभर साखर बंद केली आणि एका गोळीच्या दोन सुरू केल्या. चक्कर अकराऐवजी नऊला यायला लागली.

मग मुंबईच्या एका मंडळाच्या मूर्तीवर ब्रश घसरला. डाव्या डोळ्याची रेघ थेट सोंडेवर उतरली.

काळुरामने तोंडातला गुटखा बाहेर जाऊन थुंकला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "शकूबाय, अजून एकदा असं झालं तर ब्रश सरूकडं."

"सरूला डोळ्यातली बाहुली जमते का?"

"नाय जमत. पण तिला चक्करबी येत नाय."

नवरा गेला तेव्हा तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी ती आखणीच्या याच पाटावर येऊन बसली होती. पाट गेला तर सकाळी उठून कुठे जायचं, हे तिला माहीत नव्हतं.

मुलगा सखा रोह्याला राहायचा, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. त्याने तिकडच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तपासणीला उपाशी जातात म्हणून ती उपाशी गेली, आणि तपासणी चांगली यावी म्हणून दोन्ही गोळ्या घेऊन गेली. गडब येईपर्यंत एसटीच्या खिडकीतली शेतं सरळ होती. नागोठण्याच्या पुढे ती तिरकी झाली. दवाखान्याच्या बाकावर ती सून मैनाच्या अंगावर कलंडली. बोटातून रक्त काढलं तर शुगर अट्ठेचाळीस. ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर दहा मिनिटांत बाक जागेवर आला.

"मावशी, शुगर वाढून नाही, उतरून चक्कर येते तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "गोळी शुगर खाली ओढते. पोटात काहीच नाही, तर ती थांबणार कुठे? सकाळी खाता काय?"

शकूबाईने पदर सारखा केला. शेवटी मैनाच म्हणाली, "आई, सांगा की. गणपती काढायचा असला की या दुपारपर्यंत उपाशी असतात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोळी एकच, आणि खाऊनच. "आणि मनाने बंद पण करायची नाही. शुगर चढली की लघवीवाटे अंगातलं पाणी जातं. माणूस सुकतो, आणि मग त्यानेही चक्कर येते. उभं राहिलं की आणखी. खाऊन चित्र काढलं तर देव रागावतो का?"

देवाचं तिला ठाऊक नव्हतं. तिने काळुरामला विचारलं.

"नाय चालणार," तो म्हणाला. "मंडळवाल्यांना कळलं तर? बापाचं नाव हाय." मग त्याला दया आली. "तू असं कर. खाऊन ये आणि उंदीर घे. उंदराला उपासाची गरज नाय."

दुसऱ्या दिवशी शकूबाई भाकरी खाऊन, गोळी घेऊन आली आणि तिने साठ उंदरांना डोळे दिले. एका डोळ्याला एक ठिपका. हात जराही हलला नाही, डोकं स्वच्छ होतं, तब्येत महिन्याभरात इतकी चांगली नव्हती. पलीकडे सरू गणपतीची बाहुली काढत होती. ती बाहुली कुठेही बघत नव्हती. संध्याकाळी शकूबाई हात न धुताच घरी गेली आणि जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती उपाशी आली. गोळीही घेतली नव्हती. "ब्रश दे," ती सरूला म्हणाली.

"डॉक्टर काय बोलला?"

"बरं वाटंल बोलला. दे."

आठ दिवस चक्कर आली नाही. काळुराम खूश. नवव्या दिवसापासून तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी, आणि दर अर्ध्या तासाने मागच्या मोरीकडे. जीभ लाकडासारखी. मग पाटावरून उठलं की डोळ्यांपुढे काळोख. एकदा तर भिंत धरून ती मोजून शंभर श्वास उभी राहिली. सरूने बघितलं. "आज रोह्याला फोन करते मी."

"एकवीस गणपती उरलेत गो," शकूबाई म्हणाली. "एकवीस झाले की कर. तुझ्या पाया पडते."

उठलं की चक्कर येते, म्हणून तिने उठणं बंद केलं. मोरीला जावं लागू नये म्हणून पाणीही बंद केलं. सकाळी सातला ती पाटावर बसे ती दुपारपर्यंत हलत नसे. कारखाना बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला काळुराम कौतुकाने म्हणाला, "बघा, याला म्हणतात बैठक."

शकूबाईने मान वर केली नाही. उजवा डोळा झाला होता. डाव्याची रेघ कुठून सुरू करायची, ते तिला नीट दिसत नव्हतं. तिने डाव्या हाताने सोंडेला घट्ट धरलं आणि ब्रश टेकवला.