डाळिंबी आणि हिरवं

आमचं घर रंगाऱ्याचं. दारव्ह्याला पुढे दुकान, मागे अंगण आणि अंगणात चुलाणावर दोन मोठ्या कढया. घरात सगळ्यांचीच नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगात बुडालेली असत. एखाद्या बाईनं जुन्या पातळाची चिंधी आणून "अस्साच रंग पाह्यजे" म्हटलं, की बाबा ती आधी उन्हात धरत, मग सावलीत धरत, आणि दोन दिवसांनी तोच रंग नव्या कापडावर उतरलेला असे. आपल्या नजरेचा त्यांना फार अभिमान होता. ती नजर आपल्या मुलातही उतरणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मुलगा म्हणजे माझा दादा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. सातवी झाल्यावर बाबांनी त्याला शाळेतून काढून दुकानात घेतलं. दादा अंगानं मजबूत होता, विहिरीचं पाणी भरायला, ओली कापडं पिळायला त्याला कधी कंटाळा नव्हता. पण रंग म्हटला की तो गडबडायचा. तपकिरी सांगितला की हिरव्याच्या डब्याला हात घालायचा. बाबांना वाटे, पोराचं लक्ष नाही, त्याला हा धंदा हलका वाटतो. आधी ते रागवत. मग मारू लागले.

आणि मग त्यांना एक युक्ती सुचली. ते मला बोलावत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

"सांग वं बाई, हा कोणता?"

"हिरवा."

"अन् हा?"

"तांबडा."

"पाह्य! एवढीशी पोट्टी सांगते, अन् तुले काहून नाही समजत बे?"

ते माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवत. दादा मान खाली घालून उभा असे. मला बरोबर उत्तर येतं याचा आनंद व्हायचा. गूळ मी त्याच्या समोरच खायची.

आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आसपासची गोष्ट. जवळच्या एका खेड्यातल्या घरी लग्न होतं. त्यांनी नवरीचं पातळ डाळिंबी रंगवायला दिलं होतं. बाबा बाहेरगावी गेले होते, म्हणून काम दादानं केलं. रंगाचे डबे त्याच आठवड्यात नवे आले होते, त्यांवर नावं नव्हती आणि जुन्या डब्यांच्या खुणाही नव्हत्या. दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप पातळ न्यायला आला तेव्हा बाबा नुकतेच घरी पोचले होते. दादानं घडी उलगडून अभिमानानं पुढे धरली. त्याला वाटलं होतं, आज आपलं काम चांगलं जमलं. पातळ गडद हिरवं झालं होतं.

बाबांनी त्याला तिथेच, गिऱ्हाइकासमोर, कापड पिळायच्या लाकडानं मारलं. "जाणून करून राह्यला तू," ते ओरडत होते, "मले बुडवाले करून राह्यला." आई मधे पडली तर तिलाही लागलं. दादा एकदाच म्हणाला, "मले डाळिंबीच दिसलं, बाबा." त्यावर आणखी मार बसला, कारण ते उत्तर बाबांना उद्धटपणाचं वाटलं.

त्या आठवड्यात दादा घर सोडून वणीला गेला. तिथे एका जिनिंगमध्ये सरकी काढलेल्या कापसाचे बोजे उचलायचं काम त्याला मिळालं. दिवाळीला यायचा, आईशी बोलायचा, माझ्यासाठी रिबिनी आणायचा, आणि बाबांच्या समोरून मान न वळवता जायचा. तुला तिथलं काम आवडतं का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "कापूस पांढरा असते. त्याले रंग इचारत नाही कोणी."

दादा गेल्यावर बाबांचं सगळं लक्ष माझ्यावर आलं. "दुकान तं तुले देता येत नाही. तू शिक," ते म्हणाले. आमच्या आळीत मुलींना मॅट्रिकपर्यंतही कोणी शिकवत नसे. मला त्यांनी यवतमाळच्या कॉलेजात, तेही सायन्सला पाठवलं. राहायला मी लोहाऱ्याला मामांकडे होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शेती करायचे. लोहारा तेव्हा साधं खेडं होतं, तिथून मी सकाळी पायी कॉलेजला जाई. जाताना पुष्कळदा मनात येई की मी चालतेय ही वाट दादाच्या वाटणीची आहे. त्याला मारलं नसतं तर मला शिकवलं नसतं. कोणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, पण ती माझ्याबरोबर वर्गात येऊन बसे.

बायॉलॉजीचे आमचे सर तरुण होते, नागपूरला शिकून आलेले. पहिल्या प्रॅक्टिकलला त्यांनी कांद्याची कोवळी मुळं काचेवर चेचायला लावली आणि त्यावर लाल रंगाचा थेंब टाकायला सांगितला. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर बारीक बारीक खणांमध्ये रंगलेले तुकडे दिसले, दोऱ्याच्या कातरणीसारखे. रंगाऱ्याच्या पोरीला हे पाहून किती आनंद झाला म्हणून सांगू. सर म्हणाले, "हीच ती गुणसूत्रं. पेशीला रंग दिला नाही तर ही दिसत नाहीत." पुढे त्यांनी फळ्यावर पीळ दिलेल्या शिडीचं चित्र काढलं. गुणसूत्रातल्या ज्या द्रव्यात वारसा असतो त्याचा हा आकार, दहा-बारा वर्षांपूर्वीच सापडलेला, तुमच्या पुस्तकात तो अजून आलेला नाही, असं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ती शिडी वहीत उतरवून घेतली. मला ती फार आवडली होती.

काही आठवड्यांनी ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर आले. मुलीत दोन एक्स, मुलात एक एक्स आणि एक वाय. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. "आता एक उदाहरण घेऊ," असं म्हणून त्यांनी फळ्यावर लिहिलं, रंगांधळेपणा. अशा माणसाला सगळं दिसतं, पण तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. दोष एक्सवर असतो. आईच्या दोन एक्सपैकी एक चांगला असला तर तिला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या मुलात तो उतरू शकतो.

माझं लिहिणं थांबलं. तास संपल्यावर मी सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, अशा माणसाला शिकवून रंग ओळखता येतात का?"

"नाही. डोळ्यातच नाही तर शिकवून काय होणार?"

"धाक दाखवला तर?"

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून दिलं. त्यात रंगीत ठिपक्यांची पानं होती. चांगल्या डोळ्यांना ठिपक्यांत आकडा दिसतो, रंगांधळ्याला नुसते ठिपके दिसतात.

ते पुस्तक मी सहज मामांना दाखवलं. त्या पानावरचा आकडा मला लख्ख दिसत होता. मामा बराच वेळ पान फिरवत राहिले आणि हसून म्हणाले, "कायचा आकडा? चेष्टा करून राह्यली का माही?" झाडावरची पिकलेली मिरची ते नेहमी मामींना तोडायला सांगत, त्यावरून घरात थट्टा चाले. आता कोणी हसलं नाही. मामांना होतं, म्हणजे आजीकडून आलं होतं. आजीकडून आईकडे, आईकडून दादाकडे. कदाचित माझ्याकडेही.

दिवाळीच्या सुटीत मी पुस्तक घेऊन दारव्ह्याला गेले. दादा त्या वर्षी येणार नव्हता. चुलीपाशी आई भाकरी थापत होती, बाबा पलीकडे जेवायला बसले होते. मी जमेल तसं सांगितलं. पेशी, तिच्यातल्या सुतांच्या जोड्या, मामांना न दिसलेला आकडा. आईचा हात परातीतच राहिला.

"म्हंजे हे माह्यापासून आलं?"

"तुझा काही दोष नाही, आई."

"दोषाचं नाही इचारलं मी. कोठून आलं ते इचारलं."

"हो. तुझ्याकडून."

तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उतरवली, पण दुसरी टाकली नाही. बाबा ताटावरून उठले. अंगणात जाऊन त्यांनी हात धुतले आणि धुतच राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "ते पुस्तक घे. उद्या वणीले जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं वणीला गेलो. जिनिंगच्या आवारात दादा आम्हाला पाहून घाबरला, त्याला वाटलं आईचं काही बरंवाईट झालं. त्याच्या केसांत, भुवयांत कापसाची तूस अडकली होती. बाबांनी विचारपूस केली नाही. त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"यात काय दिसते?"

दादानं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी इतक्या दूर येऊन हे दोघं पुन्हा तेच करायला आले आहेत. आता मला विचारतील आणि मी उत्तर देईन.

"ठिपके," तो म्हणाला.

"नीट पाह्य."

"ठिपकेच हायेत, बाबा." असं म्हणताना त्याचा एक हात आपोआप चेहऱ्याजवळ आला, मार चुकवायला यावा तसा. चांगला वाढलेला पुरुष होता तो तेव्हा.

बाबा तिथेच कापसाच्या बोज्यावर बसले. मग मीच सगळं सांगितलं. दादानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मले वाटे, सगळ्याइलेच असं दिसते," तो हळूहळू म्हणाला. "तुम्ही लोक ध्यान देऊन ओळखता, अन् माह्यं ध्यान लागत नाही. मी लय ध्यान लावो." थोडं थांबून त्यानं विचारलं, "मंग मी चुकलोच नव्हतो?"

"नाही, दादा."

"मंग कायले मारलं मले?"

हे त्यानं बाबांना विचारलं नाही, मलाही नाही. बाबा पुस्तक मिटून उठले. "घरी चाल," ते म्हणाले. दादा म्हणाला, "पाळी सुरू हाये माही," आणि आत गेला. आम्ही दोघं बसस्टँडवर आलो.

तो परत दुकानात आला नाही. पण पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं तेव्हा त्यानं बाबांना मानानं बोलावलं, आणि नंतर मुलगी झाली तेव्हा तिला दाखवायला तो बायकोसह दारव्ह्याला आला. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. बाळ कुशीत घेऊन तो माझ्यापाशी आला.

"तू शिकली हायेस तं सांग. हिले तं नाही ना होनार, माह्यासारखं?"

"नाही," मी म्हणाले. "मुलींना सहसा होत नाही."

त्याचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघालंच नाही. बापाचा एकुलता एक्स प्रत्येक मुलीकडे जातोच. तिला स्वतःला त्रास होणार नव्हता, पण तिच्या मुलाला होऊ शकत होता. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

आईनं सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा ती म्हणाली, "पोरीपासून पुढं जाते ना? माह्यापासून गेलं तसं?"

मी हो म्हणाले.

"मंग त्याले काहून नाही सांगतलं?"

"त्याला बरं वाटलं होतं गं."

"माहीत नव्हतं तवर मलेही वीस वर्ष बरंच वाटत होतं," आई म्हणाली. तिनं हात पुसले आणि बाहेर ओसरीवर गेली. मी तिच्या मागे गेले नाही, दारातच थांबले. तिनं दादाच्या शेजारी बसून त्याला सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, माझ्यापेक्षा चांगलं. बाबा समोर सुपारी कातरत बसले होते.

दादानं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाला, "मंग हिच्या पोराले कोणी मारू नये, एवढं पाह्यलं पाह्यजे."

अडकित्त्याचा आवाज थांबला. बाबांनी टोपी घातली आणि ते गावात निघून गेले. जेवणाच्या वेळी ते परत आले. आईनं बापलेकांची पानं शेजारी वाढली. मी दोघांना वाढत होते आणि दादाला वाढताना माझा हात नकळत सैल सुटत होता, भाजी ताटाबाहेर जात होती.

"पुरे वं," दादा म्हणाला, "सांडून राह्यली तू."