टायरची उंची

सातपूरच्या एका कारखान्यात मी माल तपासायचो. दिवसभर हातात व्हर्नियर, आणि केसाएवढा फरक दिसला की माल परत! त्यामुळे मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपायचं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेफारलोच होतो म्हणा ना.

धाकटी बहीण सायकलच्या शर्यतीत उतरायची. तिला शिकवणाऱ्या सरांनी जुनी परदेशी रेसची सायकल दिली होती. तिची टायरं वेगळीच. ट्यूब आत शिवलेली, आणि अख्खं टायर रिमला चिकटवायचं. पण अगदीच बारीक. राज्याच्या संघाची निवड चिखलातल्या शर्यतीतून होणार होती, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. रुंद टायर हवंच होतं. टायरवरचा पहिला आकडा चाकाचा, दुसरा रुंदीचा, एवढं मी शिकून घेतलं, नाशकातली दुकानं पालथी घातली आणि शेवटी मुंबईहून बत्तीस मिलीमीटरची जोडी आणली.

आमच्या सायकलवाल्या चाचांनी टायर हातात फिरवून पाहिलं. "साहेब, रुंद टायर उंचही होतं. आधी नुसतं बसवून, हवा भरून बघू. मग चिकटवू."

"चाचा, चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्यातली जागा मी मोजलीय. चिकटवा तुम्ही!" मी खेकसलो. जुनी टायरं निघेनात म्हणून मीच सुरीने कापून टाकली, आणि चाचांनी नवी चिकटवली.

शर्यतीच्या सकाळी दुकानात चाकं बसवून हवा भरली. बाजूंना जागा ऐसपैस, पण वर टायर ब्रेकला जाऊन अडकलं. हवा थोडी सोडली, तरी चाक फिरेना. मी रुंदी मोजली होती. उंची मोजलीच नव्हती. आणि परत बसवायला जुनी टायरंही उरली नव्हती.

बहीण पाठीला नंबर लावून उभी. "दादा, काय झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचांनी वाकडं चिकटवलं. वाट लावली सगळी!"

चाचा खाली बसून चाक सोडवायला लागले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट बहीणच त्यांच्यावर तुटून पडली, "माझ्या दादाचं माप कधी चुकत नाही!"

ती शर्यत गेली आणि तिची सायकलही सुटली. खरं सांगायचं मी रोज ठरवायचो, पण जीभ रेटायची नाही. अजूनही त्या सकाळची शरम वाटते.

दोन-तीन वर्षांनी बहिणीबरोबर मेन रोडवर चाललो होतो, तर चाचा समोर आले. तिला पाहून थांबले. "कशी आहेस बेटा?"

तिने तोंड फिरवलं, माझा हात धरला आणि मला ओढत पुढे नेलं. मी मुकाट गेलो.