ओळख पटली नाही

सकाळपासून पडद्यावर एकच वाक्य येतंय: ओळख पटली नाही. एआयला प्रश्न विचारणाऱ्या माझ्या छोट्याशा प्रोग्रॅमची दारातूनच बोळवण होतेय. दुपारी तो शाळेतल्या बाईंना दाखवायचाय. ओळख पटवणारी जुनी चावी, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ती लांबलचक माळ, मी सकाळी रद्द करून नवी घेतली. प्रोग्रॅम जिथून चावी वाचतो, त्या फाइलमध्ये नवी जागच्या जागी आहे, तरी नकारच. घाबरले मात्र नाही. असल्या चुका मी शोधून काढतेच.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कोण?"

"अगं, मी!"

शेजारच्या सुमनकाकू. मी दार उघडलंसुद्धा. आपल्याकडे नाव सांगतंय कोण? नुसतं 'मी' म्हणायचं. सर्दीने बसलेला आवाजही ओळखू येतो. नाव सांगावं लागलं, तर तो माणूस परका. एवढं गोड बोलणाऱ्या एआयला मात्र हा 'मी' पुरत नाही. कितीही गप्पा झालेल्या असोत, दारात दर वेळी चावी दाखवायचीच.

"सकाळपासून त्याच खुर्चीत आहेस?" काकू म्हणाल्या. "ऊठ जरा!"

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रोग्रॅमही सकाळपासून चालूच होता! सुरू होताना वाचलेली जुनी चावीच तो अजून पुढे करत होता. बंद करून पुन्हा सुरू केला, आणि लगेच उत्तर आलं: नमस्कार, काय मदत करू?

काकू पडद्यात डोकावल्या. "ओळखलं वाटतं तुला?"

"चावीला ओळखलं, काकू," म्हणत मी चहा टाकायला उठले. त्यांचा बिनसाखरेचा, आलं घातलेला. विचारावं लागलं नाही.