शेवटी उचलायचा वाटा

हर्षलाबद्दल लिहावं एवढी माझी तिची ओळख नव्हती. शिळफाट्याला आमच्या मागच्या खोलीत ती तीन वर्षं भाड्याने राहिली, पण तिला भावंडं किती, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. मी बोलायला लाजणारा, ती दिवसभर लॅपटॉपपुढे. जे लिहितोय ते ओट्यावर बसून ऐकलेलं, आणि त्यातलंही अर्धंच कळलेलं.

ती मूळची भिवपुरीकडची. इंटरनेटवर नवी नाणी निघतात, त्यांना टोकन म्हणतात. विक्री उघडली की काहींची यंत्रं क्षणात सगळी उचलतात, भाव चढवतात आणि मागून येणाऱ्या साध्या माणसांच्या गळ्यात मारतात. नाणं काढणारे स्वतःसाठी ठेवलेली नाणीही तेव्हाच विकून मोकळे होतात. असं होऊ नये अशी विक्रीची पद्धत ती आणि तिचा भागीदार ओमकार एका नाण्यासाठी बसवत होते. मेहनताना म्हणून त्या नाण्यातलाच हिस्सा मिळणार होता.

एका संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसली.

"नाना, गावकीच्या बोकडाचे वाटे तुमच्याकडे कोण घालायचं?"

"आमचे बाबा. मी पानं मांडायचो."

"चांगला वाटा आपल्याला ठेवावा असं नाय वाटायचं?"

"वाटायचं की. म्हणून तर घालणाऱ्याने शेवटी उचलायचा."

"आणि चुलीमागे, म्हणजे घरटी, एक वाटा ना? मग एखाद्याने जास्त चुली सांगितल्या तर?"

"आमच्या गावातल्या चांगोने सांगितल्या होत्या तीन. बघायला गेलो तर एका चुलीत कोंबडी अंड्यावर बसलेली."

ती खूप हसली. "मग काय केलंत?"

"पुढल्या वर्षी बंधाऱ्याच्या कामाला चुलीमागे एक माणूस मागितला. चांगोच्या दोन चुली तिथेच विझल्या."

"आमच्यात नाय चालायचं ते, नाना. तिथे माणूस कुठला नि यंत्र कुठलं, तेच कळत नाय."

शेवटी तिने नावावर वाटा द्यायचंच सोडलं. दिवसभर सगळ्यांची मागणी घ्यायची, रात्री सर्वांना एकच भाव लावायचा आणि ज्याने जेवढे पैसे लावले त्या प्रमाणात नाणी द्यायची. घाई करून किंवा नावं वाढवून काही फायदा नाही. मी म्हटलं, "म्हणजे पैसेवाल्याला जास्त." ती म्हणाली, "हो. तेवढं मला नाय जमलं."

दुसरा नियम असा, की नाणं काढणाऱ्यांचा आणि या दोघांचा हिस्सा वर्षभर विकायचा नाही. त्यावरून ओमकारचा आवाज भिंतीपलीकडून आला.

"दानधर्म करायला बसलोय का आपण? एवढं राबलो ते कशाला?"

"मग आपण आधी विकायचं आणि लोकांना थांबा म्हणायचं?"

"सगळे तेच करतात, बाई!"

"म्हणून तर आपल्याला बोलावलं ना रं."

नियम राहिला. विक्री शांतपणे पार पडली. पुढे भाव हळूहळू उतरत गेला. मध्येच ज्यांना नाणी विकून बाहेर पडायचं होतं ते पडू शकले. वर्ष सरून हर्षलाचा हिस्सा मोकळा झाला तोवर त्याची किंमत जवळजवळ उरली नव्हती. ओमकार यायचा बंद झाला. तिने पुण्याला नोकरी धरली.

पद्धत चांगली होती की नव्हती, मला ठरवता येत नाही. तिला पस्तावा होतो का, हे विचारायचं रोज मनात यायचं. ती खोली सोडणार त्या सकाळी तेवढ्यासाठीच मी शेवग्याच्या शेंगा काढून ओट्यावर बसलो. बोलायला काही सुचेना, म्हणून शेंगांचे दोन वाटे घातले. एक जरा मोठा झाला. ती बॅग घेऊन बाहेर आली.

"तुम्ही घातलेत ना, नाना? मग आधी मी उचलणार."

"उचल."

तिने लहान उचलला.

"अगं, मोठा घे की."

"नको, एकटीला एवढ्या पुरतात."