जावेच्या परसातल्या शेळ्या

“शेळ्या परत आण, आई. त्या बाई आत्ता येतील.”

“म्हणूनच तर लपवल्यात! तू आधी ती चांगली चादर काढ. फाटकी अंथर.”

“फाटकी राहिलीये कुठे आपल्याकडे?”

“मग हीच उलटी अंथर!”

मुलगी हसली नाही. सकाळीच आईने सगळ्या शेळ्या हाकत जावेच्या परसात नेऊन बांधल्या होत्या.

वस्तीत तिला शेळीवाली म्हणतात. आधी ती लोकांची धुणी धुवायची आणि पोरीला कित्येकदा नुसतं पाणी पाजून झोपवायची. मग गरिबांसाठीच्या एका योजनेतून तिला दोन शेळ्या मिळाल्या. आज येणार होत्या त्याच बाई तेव्हा घरी येऊन शिकवायच्या. खूर कसे कापायचे, पोट फुगलं तर काय करायचं. योजना संपली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेळ्या वाढल्या, पोरगी शिकली, दोन्ही वेळा चूल पेटायला लागली. भीती तेवढी हटली नाही. एकदा तपासणीला आलेल्यांना छपरावर नवा पत्रा दिसला आणि घराचं स्वस्त धान्य बंद झालं. तेव्हापासून कुणी बघायला येणार म्हटलं की ती घर गरीब करून ठेवते.

“आई, योजना पुन्हा सुरू होतेय. त्यांना नव्या बायकांना शिकवायला माणूस हवंय. पगारी काम आहे!”

“आधी गोड बोलतात, मग शेळ्या मोजतात. तुला काय कळतंय?”

तेवढ्यात बाई दारात आल्या. केस पिकलेले, धापा टाकत. रिकाम्या गोठ्यापाशी थबकल्या.

“शेळ्या कुठायत गं?”

“मेल्या हो, बाई. साथ आली.”

“सगळ्या?” बाई उंबऱ्यावर मटकन बसल्या. “अगं, मी तुझंच नाव सांगून आले! आता कुठल्या तोंडाने नेऊ तुला? जिच्या शेळ्या जगल्या नाहीत, तिचं कोण ऐकणार? दुसरी कुणी बघावी लागेल, आजच.”

मुलगी पुढे झाली. “आई, तू सांगतेस की मी सांगू?”

“गप्प बस, कार्टे!”

“काय सांगायचंय?” बाईंचा आवाज चढला. “माझ्यापासून काय लपवतेस? तुझ्याबरोबर लेंड्या काढल्यात मी!”

“पत्रा बघून धान्य तोडलं, तेव्हा कुठे होता तुम्ही?”

“ते मी तोडलं नव्हतं. मला एवढंच सांग, शेळ्या खरंच मेल्या का?”

आई उठली. दोघींच्या मधून, अनवाणीच, जावेच्या घराच्या दिशेने चालू लागली.